नव्या खाऱ्या टँकमध्ये मासे सोडण्याआधी महिनाभर का थांबायचे?

गोव्यातील घरांत काचेच्या पेटीत गप्पी किंवा गोल्डफिश पाळण्याची हौस जुनी आहे, आणि त्यांपैकी काही जण पुढे खाऱ्या पाण्याच्या टँककडे वळतात. टँक बसतो, मीठ विरघळते, दगड रचले जातात, दिवे लागतात आणि पाणी इतके नितळ होते की पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता यावे. नेमके तेव्हाच एखादा जाणकार सांगतो की यात अजून तीन ते सहा आठवडे एकही मासा सोडू नका. पैसे खर्च झालेले असतात, मुले रोज काचेला नाक लावून उभी असतात आणि रिकाम्या पाण्याकडे पाहत बसण्याचे कारण कोणीच नीट सांगत नाही. ते कारण पूर्णपणे रासायनिक आणि जैविक आहे. एकदा ते समजले की त्या आठवड्यांत काय करायचे आणि काय टाळायचे, हेही आपोआप कळते.

मासा पाण्यात काय सोडतो

आपण खाल्लेल्या प्रथिनांतून उरलेल्या नत्राचे आपले यकृत युरियात रूपांतर करते आणि तो युरिया मूत्रावाटे बाहेर पडतो. बहुतेक माशांना हा खटाटोप करावा लागत नाही. ते तो नत्र अमोनियाच्या रूपात थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतात. समुद्राच्या अफाट पाण्यात त्याचा मागमूसही राहत नाही, पण दोनशे लिटरच्या पेटीत सोडलेला अमोनिया त्याच माशाच्या श्वासात परत येतो. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर घालतात ती वेगळीच.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातील विद्युतभारित रूपाला अमोनियम म्हणतात आणि ते तुलनेने निरुपद्रवी असते. दुसरे रूप मुक्त अमोनियाचे असते. ते कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज आत शिरते आणि विषारी ठरते. कोणते रूप किती, हे मुख्यतः पाण्याच्या सामूवर, म्हणजेच पीएचवर, आणि काही प्रमाणात तापमानावर ठरते. सात सामू असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग मुक्त असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण ८.१ ते ८.३ असतो आणि तेथे हाच भाग दहापटीने किंवा त्याहूनही अधिक वाढतो. ‘गोड्या पाण्याच्या टँकमध्ये आम्ही दुसऱ्याच दिवशी मासे सोडले होते आणि त्यांना काही झाले नाही’ हा अनुभव अनेकांचा असतो आणि तो खोटाही नसतो. मात्र तो खाऱ्या टँकला लागू पडत नाही. तेवढाच अमोनिया इथे कितीतरी जास्त विखारी असतो. त्याने कल्ले सुजतात, मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो, खाणे सोडतो, आणि वाचला तरी कल्ल्यांना झालेली इजा त्याच्या उरलेल्या आयुष्याला पुरते.

अमोनियाचे पुढे काय होते

समुद्रात आणि जमिनीत असे सूक्ष्मजीव असतात की जे अमोनियाचा ऑक्सिजनशी संयोग घडवून त्यातून स्वतःची ऊर्जा मिळवतात. त्यांच्या या कामातून नायट्राइट तयार होतो. दुसऱ्या गटातील जिवाणू त्या नायट्राइटचा नायट्रेट करतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट ही साखळी म्हणजे निसर्गातील नत्रचक्राचा एक भाग होय, आणि नव्या टँकमध्ये ती चालू करून देण्याच्या कामालाच पाळणारे लोक टँक सायकल करणे म्हणतात.

पाठ्यपुस्तकांत पहिल्या टप्प्याचे श्रेय नायट्रोसोमोनास या जिवाणूला दिलेले असते. ते खरे असले तरी अपुरे आहे. २००५ मध्ये अमोनियावर जगणारा एक आर्किया, म्हणजे जिवाणूंइतकाच सूक्ष्म पण वेगळ्याच कुळातील जीव, प्रथमच प्रयोगशाळेत वेगळा काढून वाढवण्यात आला. तो सापडला होता अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या सार्वजनिक मत्स्यालयात, उष्ण कटिबंधातील मासे ठेवलेल्या एका खाऱ्या टँकच्या खडीत. त्याचे भाऊबंद महासागरांत अफाट संख्येने आहेत, हे आता सर्वमान्य आहे. टँकच्या तळाशी पडलेल्या खडीने समुद्रविज्ञानाला एवढी मोठी गोष्ट शिकवली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

गोड्या पाण्यात नायट्राइटही माशांना घातक ठरतो, कारण तो कल्ल्यांतून रक्तात शिरून रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी करतो. खाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते आणि कल्ल्यांतील त्याच वाटेसाठी क्लोराइड नायट्राइटशी स्पर्धा करते, त्यामुळे नायट्राइटचा फारच थोडा अंश आत जातो. म्हणून खाऱ्या टँकमध्ये नायट्राइटची भीती कमी बाळगली तरी चालते. तरीही त्याची चाचणी करावी लागते, कारण साखळीचा दुसरा दुवा जुळला की नाही, हे त्यावरूनच कळते. नायट्रेट माशांना बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसतो. तो पाणी बदलून किंवा दगडांच्या आतील ऑक्सिजनविरहित भागांत राहणाऱ्या वेगळ्या जिवाणूंकरवी कमी होत राहतो.

एवढा वेळ का लागतो

दुधाला विरजण लावले की रात्रीत दही होते, मग पाण्याला महिना कशाला, असे कोणी विचारले तर तुलना चुकीची नाही. दोन्हीकडे थोडे जिवाणू असतात, त्यांना खाद्य आणि ऊब मिळते आणि त्यांची संख्या वाढते. फरक आहे तो वेगाचा. साखरेवर जगणाऱ्या जिवाणूंना अन्नातून भरपूर ऊर्जा मिळते आणि त्यांतील कित्येक अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. अमोनियातून मिळणारी ऊर्जा फारच तुटपुंजी असते, आणि तेवढ्यात या जीवांना पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीरही घडवायचे असते. परिणामी अनुकूल स्थितीतही त्यांना दुप्पट व्हायला आठ तासांपासून एखाद्या दिवसापर्यंत वेळ लागतो. शिवाय दुसऱ्या गटाला नायट्राइट लागतो आणि तो पहिल्या गटाने पुरेसा तयार केल्याशिवाय मिळत नाही, म्हणून त्यांची वाढ उशिरा सुरू होते. चाचणीत अमोनिया शून्यावर आला आणि नायट्राइट मात्र आठवडाभर हलायलाच तयार नाही, असे दिसते ते यामुळे.

हे जीव मोकळ्या पाण्यात फारसे राहत नाहीत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते दगड, रेती, फिल्टरमधील स्पंज आणि सिरॅमिकचे तुकडे यांच्या पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात. त्यामुळे मित्राच्या जुन्या टँकमधून बादलीभर पाणी आणून ओतल्याने जवळजवळ काहीच साधत नाही, पण त्याच्या फिल्टरमधील मूठभर सिरॅमिक तुकडे किंवा एखादा दगड ओला ठेवून आणला तर आठवडे वाचू शकतात. अर्थात मित्राच्या टँकमध्ये रोग नाही, याची खात्री आधी करून घ्यावी. याच कारणाने फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेले असते. पणजीला ओपा येथून येणारे पाणी असो की दुसऱ्या कोणत्या प्रकल्पाचे, टँकसाठी ते आरओमधून काढून घेणे उत्तम, आणि ते शक्य नसेल तर निदान क्लोरीन घालवणारे औषध टाकल्याशिवाय वापरू नये.

मासा नाही, तर जिवाणूंना खायला काय द्यायचे

अमोनिया हवा आणि मासा नको, यातून मार्ग काढण्याची जुनी रीत म्हणजे बाजारातून एखादे कच्चे सुंगट, म्हणजे कोळंबी, आणून जाळीच्या पिशवीत टँकमध्ये टांगणे. ते कुजते, अमोनिया सुटतो, काम सुरू होते. रीत चालते, पण किती अमोनिया सुटेल यावर आपला ताबा राहत नाही, घरभर वास सुटतो आणि पाण्यात फॉस्फेट वाढून पुढे शेवाळाला आमंत्रण मिळते. माझ्या मते अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपले नवसागर, मोजून देणे केव्हाही चांगले. मात्र कल्हईसाठी मिळणारे नवसागर यासाठी घेऊ नये. त्यात कोणते धातू मिसळलेले असतील ते सांगता येत नाही, आणि तांब्याचा अगदी थोडा अंशही खेकडे, झिंगे, गोगलगायी यांना मारतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचे शुद्ध नवसागर रसायनांच्या दुकानात मिळते.

शंभर लिटर पाण्यात साधारण ०.६ ग्रॅम शुद्ध नवसागर घातले की अमोनियाचे प्रमाण सुमारे २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम होते. चमच्याने अंदाज करण्याऐवजी सोनाराच्या काट्यासारखा बारीक वजनकाटा वापरावा, किंवा ठरावीक वजन एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातील हिश्श्याने द्यावे. जास्त दिले तर काम लवकर होईल, ही समजूत उलटी आहे. अमोनिया ४-५ पीपीएमच्या वर गेला की ज्यांना वाढवायचे त्याच जिवाणूंची वाढ मंदावते. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया व नायट्राइट तपासायचे, आणि अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा तेवढाच डोस द्यायचा.

कोरड्या, नव्या दगडांवर सुरुवात केली असेल तर कधी कधी सगळे जागच्या जागी थांबते. जिवाणूंना नत्राबरोबर थोडा फॉस्फरसही लागतो आणि आरओचे पाणी व स्वच्छ दगड यांत तो नसतोच. अशा वेळी माशांच्या खाद्याची चिमूटभर भुकटी टाकली की गाडी पुढे सरकते. या काळात दिवे बंद ठेवावेत, कारण जिवाणूंना प्रकाश नको आणि शेवाळाला तोच हवा असतो. पाणी मात्र सतत खेळते राहिले पाहिजे.

टँक तयार झाला, हे ठरवण्याचा निकष एकच आहे: २ पीपीएम अमोनिया दिल्यापासून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येणे. कॅलेंडरवर महिना उलटला, पाण्याला समुद्रासारखा वास आला किंवा काचेवर तपकिरी थर चढला, यांपैकी कशालाही पुरावा मानू नये. तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांचा असतो, तो बहुतेक नव्या टँकमध्ये येतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. चाचणी करताना एक फसगत टाळावी. पाण्यात नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटच्या चाचणीचा आकडा खोटा व फुगलेला येतो, म्हणून नायट्रेट मोजायचा तो नायट्राइट संपल्यावरच. निकष पूर्ण झाला की अर्धे पाणी बदलून साठलेला नायट्रेट खाली आणावा.

दारात समुद्र असताना मीठ विकत का घ्यावे

गोव्यात हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि तो रास्त आहे. स्वच्छ, खोल समुद्रातून आणलेले पाणी टँकला चांगलेच असते. मिरामार किंवा दोना पावलाच्या किनाऱ्यावर बादली बुडवून आणलेले पाणी मात्र तसे नसते. मिरामार मांडवीच्या मुखाशी आहे, दोना पावला मांडवी आणि झुआरीच्या मधल्या टोकावर आहे, आणि पावसाळ्यात या नद्यांतून लोटणारे गोडे, गढूळ पाणी किनाऱ्याजवळचा खारटपणा पार उतरवून टाकते. उन्हाळ्यातही नदीतून आलेला गाळ, बार्ज व ट्रॉलरांचे तेल, आणि वस्त्यांचे सांडपाणी त्यात असू शकते. शिवाय समुद्राचे पाणी आणले म्हणून सायकल चुकत नाही, कारण आवश्यक जिवाणू पाण्यात नव्हे तर पृष्ठभागांवर वाढवायचे असतात.

मग मिठागरातले मीठ पाण्यात घालून का चालत नाही? आगरवाड्याचे किंवा हडफड्याचे मीठ समुद्राचेच आहे. पण मिठागरात जे घडते ते निवडीचे काम असते. पाणी आटू लागले की त्यातील कॅल्शियमची संयुगे आधी खाली बसतात, मग मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड स्फटिकरूप होते, आणि मॅग्नेशियमचा मोठा भाग शेवटी उरलेल्या कडवट पाण्याबरोबर निघून जातो. हाती येते ते जेवणासाठी उत्तम मीठ, समुद्र मात्र नव्हे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि सामू स्थिर ठेवणारी कार्बोनेटेही असतात. टँकसाठी बनवलेल्या मिठाच्या मिश्रणात हे सारे त्याच प्रमाणात घातलेले असते. ते आरओच्या पाण्यात विरघळवून विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच गोड्या पाण्याच्या तुलनेत त्याचे वजन, १.०२५ ते १.०२६ इतके आणावे, आणि ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा.

दगड कोठून आणायचे

परदेशांतील मार्गदर्शनात ‘लाइव्ह रॉक’ हा शब्द सतत येतो. प्रवाळखडकाचे, जिवाणूंनी आधीच भरलेले तुकडे असा त्याचा अर्थ. वास्कोजवळच्या ग्रांदे बेटाभोवती प्रवाळ आहेत, तेव्हा तेथून एखादा तुकडा आणला तर काय बिघडले, असा विचार कोणाच्याही मनात येईल. तो कृपया येथेच सोडून द्यावा. भारतात प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण आहे ते त्यांना आहे. कायदा नसता तरी जे वाढायला कित्येक वर्षे लागतात ते घराच्या शोभेसाठी तोडणे मला मान्य झाले नसते.

कृत्रिम सिरॅमिक किंवा चुनखडीयुक्त सच्छिद्र दगड हेच काम करतात, फक्त त्यांच्यावर जिवाणू आपल्याला वाढवावे लागतात. आपला जांभा दगड सच्छिद्र असतो म्हणून तो वापरण्याची कल्पना सुचते, पण त्यात लोह पुष्कळ असते, तो झिजून पाणी गढूळ करतो आणि चुनखडीप्रमाणे सामू सांभाळत नाही.

बाटलीतले जिवाणू आणि ‘एक स्वस्त मासा’

दुकानांत जिवाणूंच्या बाटल्या मिळतात. त्या सर्वच निरुपयोगी आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टँकमध्ये नायट्राइटचे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, पूर्वी समजत तसा नायट्रोबॅक्टर नव्हे, हे १९९० च्या दशकात लक्षात आले, आणि त्यानंतर काही बाटल्यांत योग्य जीव भरले जाऊ लागले. पण हे जीव जिवंत असले तरच उपयोगाचे असतात, आणि मे महिन्यात बंद टेम्पोतून आलेली, मग दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने पडून राहिलेली बाटली कोणत्या अवस्थेत असेल, हे झाकणावरून कळत नाही. बाटली वापरावी, पण चोवीस तासांची चाचणी तिलाही माफ नाही.

दुसरा सल्ला असा मिळतो की एखादा काटक, स्वस्त डॅमसेल मासा सोडा, तो अमोनिया पुरवील, आणि मेला तर फार नुकसान नाही. नवसागराने जे काम होते त्यासाठी जिवंत प्राण्याचे कल्ले जाळणे कोणत्याही हिशोबात बसत नाही. समुद्री शोभिवंत माशांपैकी बहुसंख्य आजही प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात, म्हणजे तो स्वस्त मासाही कोठल्या तरी समुद्रातून कमी झालेला असतो. आणि तो तगला तर वेगळीच अडचण उभी राहते. डॅमसेल आपल्या जागेसाठी अत्यंत भांडखोर असतो व नंतर येणाऱ्या माशांना जगू देत नाही.

उकाडा आणि वीज

गोव्यात हीटरची गरज क्वचितच पडते. खरा प्रश्न असतो तो उष्णतेचा. या जिवाणूंना २८ ते ३० अंश तापमान मानवते, पण पाणी जितके गरम आणि खारे तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २८ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम असतो, आणि मासे व जिवाणू दोघेही त्यावरच जगतात. पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोनेक अंशांनी निवते. हा उपाय एप्रिलपेक्षा जुलैच्या दमट हवेत कमी लागू पडतो. बाष्पीभवनात मीठ उडून जात नाही, म्हणून घटलेली पातळी नेहमी गोड्या आरओ पाण्यानेच भरावी. तेथे पुन्हा खारे पाणी घातले तर खारटपणा आठवड्यागणिक चढत जातो.

पावसाळ्यात वीज गेली की पंप थांबतो, आणि बंद फिल्टरच्या डब्यातील ऑक्सिजन संपून ज्यांना महिनाभर वाढवले ते जीव मरू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा किरकोळ खर्च आहे, आणि तो पहिल्या माशाच्या आधी घरात यावा. वीज बराच वेळ गेली असेल तर बंद डब्यातील साचलेले पाणी टाकून दिल्यावरच फिल्टर चालू करावा.

टँक तयार झाल्यावर

सायकल पूर्ण झाली म्हणजे हवे तितके मासे आणता येतात, असे मात्र नाही. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाएवढीच राहते. मासे आणायला दहा-पंधरा दिवस उशीर होणार असेल तर तोवर नवसागराचा छोटा डोस चालू ठेवावा लागतो, आणि दोन मासे पोसणाऱ्या टँकमध्ये एकदम आठ सोडले तर अमोनिया पुन्हा चढतो. सुरुवात क्लाउनफिशच्या जोडीने करावी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र भारतातच विकसित केले आहे, तेव्हा दुकानात पैदास केलेली जोडी आवर्जून मागावी. त्यानंतर दोन आठवडे थांबून, अमोनिया शून्य आहे हे पाहून, मग पुढचा मासा आणावा. टँग जातीचे मोठे, सतत पोहणारे मासे लहान टँकसाठी नाहीतच. निळ्या-नारिंगी नक्षीचा मँडरीन पाहून मोह होतो, पण तो दगडांवर वाढणारे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपून जगतो, आणि तयार खाद्य बहुधा घेत नाही. रात्री टॉर्चच्या उजेडात काचेवर व दगडांवर हे जीव मुबलक फिरताना दिसू लागेपर्यंत, म्हणजे बहुतेक टँकमध्ये वर्षभर तरी, मँडरीन आणू नये.